परंधामातील वाणी : विनोबांचा आश्रम आणि त्यांचे वाङ्मय

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांतून विनोबा भावे ह्यांची नोंद बहुधा दोन ठिकाणी येते. वैचारिक गद्याच्या प्रकरणात 'मधुकर' आणि 'गीता-प्रवचने' ह्यांचा उल्लेख होतो. भाषांतरित काव्याच्या ओघात 'गीताई'ची दखल घेतली जाते. उरलेले विनोबा भूदानाचे, म्हणजे समाजशास्त्राचे व राजकारणाचे, असे मानून वाङ्मयाचा अभ्यासक त्यांच्यापासून दूर होतो. ह्या विभागणीत एक गोष्ट हातून निसटते. विनोबांचे बहुतेक सर्व वाङ्मय एका विशिष्ट प्रकारच्या सहजीवनात निर्माण झाले, आणि ते सहजीवन बाजूला काढले तर त्या वाङ्मयाच्या रूपाचा उलगडा होत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र आश्रमाच्या अंगाने पाहावयाचे आहे. त्यांनी उभारलेले, चालविलेले आणि पुढे आपल्या हातून सोडून दिलेले आश्रम हा त्या चरित्राचा कणा आहे.

विनायक नरहर भावे ह्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे येथे झाला. आजोबा शंभुराव व्रतस्थ वृत्तीचे. वडील नरहरराव शास्त्रीय दृष्टीचे, नोकरीनिमित्त बडोद्यास राहणारे. आई रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नसल्या तरी भजनांत आणि संतवाणीत मुरलेल्या. ह्या मातेची एक हकीकत विनोबा पुढे वारंवार सांगत असत. तिने देवाला लाख तांदूळ वाहण्याचे व्रत घेतले होते व ती रोज एकेक दाणा मोजून वाहत असे. वडिलांनी सुचविले की, एक तोळा तांदूळ मोजून घ्यावे आणि त्या हिशेबाने वजन करून लाख भरावेत, म्हणजे वेळ वाचेल. आईने मुलाला विचारले तेव्हा मुलाने कौल आईच्या बाजूने दिला : प्रत्येक दाण्याबरोबर नामस्मरण घडते, म्हणून हे गणित वजनाने सुटणारे नाही. गणितावर जीव असलेल्या मुलाने हे उत्तर द्यावे ह्यात त्याच्या पुढील आयुष्याची खूण दिसते. सूत कातताना तार मोजणारे, पावले मोजीत देश पालथा घालणारे विनोबा ह्या मोजणीतूनच आले आहेत.

२५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा विद्यार्थी सुरतेस गाडीतून उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. प्रमाणपत्रे त्याने त्यापूर्वीच आईच्या समक्ष चुलीत टाकली होती. काशीत संस्कृताचे अध्ययन चालू असताना त्याने कविता केल्या; मनासारख्या उतरल्या की त्या गंगेला अर्पण करावयाच्या असा त्याचा परिपाठ होता. चरित्रकार हा प्रसंग वैराग्याचा नमुना म्हणून सांगतात. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक अर्थ दिसावा. स्वतःसाठी लिहिलेले टिकवावयाचे नाही, हा निर्णय येथे एकविसाव्या वर्षी झालेला आहे. पुढे टिकले ते दुसऱ्या कोणासाठी तरी निर्माण झालेले वाङ्मय.

हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभातील गांधींच्या भाषणाचा वृत्तांत त्यांनी वाचला, पत्रव्यवहार केला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात ते गांधींना भेटले. हिमालयातील शांती आणि बंगालातील क्रांती ह्या दोन ओढींपैकी कोणती निवडावी हा प्रश्न ह्या भेटीने मिटला. तथापि आश्रमात स्थिरावण्याआधी १९१७ मध्ये त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि ते वाईस गेले. तेथे प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे (पुढील केवलानंद सरस्वती) ह्यांच्याजवळ त्यांनी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे व शांकरभाष्य ह्यांचे अध्ययन केले. ह्या वर्षाकडे विनोबांच्या चरित्रात जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही, असे मला वाटते. वाईची पाठशाळा ही जुन्या गुरुकुलाची आणि नव्या चिकित्सेची सांगड घालणारी संस्था होती. शास्त्रार्थ हे तेथील जीवन होते. विनोबांनी तेथे आपल्या परीने भर घातली ती दळणाची. विद्यार्थ्यांनी लोकांचे धान्य दळून द्यायचे आणि त्या पैशांतून वाचनालयासाठी पुस्तके घ्यायची, असा उपक्रम त्यांनी चालविला. भाष्य आणि जाते ह्यांची ही जोड पुढे वर्धा, नालवाडी व पवनार येथे पुन्हा पुन्हा दिसते. ठरलेल्या दिवशी, वर्ष पुरे होताच, ते आश्रमात परत हजर झाले. त्याच वर्षी, म्हणजे १९१८ मध्ये, आई वारली.

जमनालाल बजाज ह्यांच्या आग्रहावरून साबरमतीची एक शाखा वर्ध्यास काढावयाचे ठरले आणि ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा तेथे दाखल झाले. आश्रमाचे ठिकाण काळानुसार बदलत गेले, पण विनोबांचे बिऱ्हाड पुढील तीस वर्षे वर्ध्याच्या परिसरातच राहिले. वर्ध्यास असतानाच १९२३ मध्ये त्यांनी 'महाराष्ट्र-धर्म' हे मासिक सुरू केले. त्याचे नाव समर्थांकडून आलेले आहे. मजकूर मात्र उपनिषदांपासून चरख्यापर्यंतचा. झेंडा सत्याग्रहातील तुरुंगवासाने ते खंडित झाले, नंतर साप्ताहिक रूपाने पुन्हा निघाले. 'मधुकर'मधील निबंध ह्या आश्रमीय पत्रकारितेचे अपत्य होत. त्यांची भाषा त्या काळातील निबंधाच्या तुलनेने अतिशय आटोपशीर आहे. चिपळूणकरी परंपरेतील लांब वळणाचे वाक्य येथे नाही, शिवरामपंतांचा खेळकर विस्तारही नाही. एक विधान, एक दृष्टांत, एक निष्कर्ष. आणि दृष्टांत बहुधा स्वयंपाकघर, शेत किंवा अंकगणित ह्यांतून घेतलेला. समोर बसलेल्या, हाताने काम करीत असलेल्या माणसाला एका दमात समजावे अशी ही रचना आहे. पुष्कळदा प्रत्यक्ष तशीच परिस्थिती होती. नालवाडीस १९३२ नंतर विनोबा तासन्‌तास कातीत आणि कातता कातता शिकवीत. कातण्याच्या मजुरीवरच निर्वाह करावयाचा असा प्रयोगही त्यांनी तेथे केला.

'गीताई'चा उगम आईच्या एका मागणीत आहे. बडोद्यास गीतेवरील प्रवचने ऐकून आलेल्या आईला संस्कृत कळेना. मुलाने तिला मराठी समश्लोकी दिली, तीही तिला कठीण वाटली. तेव्हा, तूच सोपी मराठी गीता का करीत नाहीस, असे तिने विचारले. ती मागणी तिच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी पुरी झाली. ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ ह्या चार महिन्यांत, सत्याग्रहाच्या धामधुमीतच, वर्ध्यास विनोबांनी सातशे श्लोकांचा अनुवाद सिद्ध केला. एवढी हकीकत सर्वपरिचित आहे. तथापि आईची स्मृती हे त्याचे एकच कारण नव्हे. गांधींच्या आश्रमात सायंप्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञलक्षणांचे श्लोक रोज म्हटले जात. जे रोज सर्वांनी मिळून म्हणावयाचे ते सर्वांना कळले पाहिजे, ही मराठी आश्रमाची रोकडी गरज होती. 'गीताई'ची अष्टाक्षरी चरणरचना, जोडाक्षरांबाबतचा संयम, अन्वयाची सरळता हे सारे गुण सामुदायिक पठणाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे नीट उमगतात. वामनपंडितांच्या समश्लोकीशी तिची तुलना करताना आपण पांडित्य आणि प्रासादिकता अशा कसोट्या लावतो. वस्तुतः एक पोथी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी आहे आणि दुसरी म्हणणाऱ्यांच्या तोंडासाठी, हा भेद अधिक मूलगामी आहे. आवृत्ती निघाल्यावरही विनोबा तिच्यात शब्द बदलीत राहिले.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून ह्या काळात त्यांनी दर रविवारी एक ह्याप्रमाणे अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरून घेतली. 'गीता-प्रवचने' हा विनोबांचा सर्वाधिक प्रसार पावलेला ग्रंथ त्यांनी लेखणीने लिहिलेलाच नाही, ही गोष्ट आपण नोंदवतो आणि पुढे जातो. तेथे थांबावयास हवे. ग्रंथातील आर्जव विनोबांचे किती आणि ऐकता ऐकता विरघळणाऱ्या गुरुजींचे किती, हा प्रश्न शैलीच्या अभ्यासाने धसास लावण्याजोगा आहे. 'मधुकर'चे कोरडे, नेमके गद्य आणि 'प्रवचनां'चे ओलावलेले गद्य ह्यांत जे अंतर आहे त्याचा काही भाग श्रोत्याच्या खात्यावर जमा करावा लागेल. १९४४ मधील सिवनी तुरुंगातील व्याख्यानांतून 'स्थितप्रज्ञ-दर्शन' तयार झाले, तेही असेच बोललेले. तुरुंग हा विनोबांच्या दृष्टीने आश्रमच होता : ठरलेली वेळ, नेमलेले काम, मोजके अन्न आणि जवळ बसलेली माणसे.

मार्च १९३८ मध्ये प्रकृती अतिशय खालावलेली असताना, गांधींच्या आग्रहावरून विश्रांतीसाठी, ते वर्ध्याजवळ पवनार येथे धाम नदीकाठच्या जमनालालजींच्या बंगल्यात राहावयास आले. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या मनात सगळ्या कामांचा त्याग केला, असे ते सांगत. धामच्या पलीकडचे म्हणून ते 'परंधाम'; श्लेष उघड आहे आणि विनोबांना श्लेषांची आवड होती. विश्रांतीसाठी त्यांनी कुदळ हाती घेतली. त्या खोदकामात जुन्या मूर्ती निघाल्या. त्यांतील एका शिल्पात त्यांना भरत-रामाची भेट दिसली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी ह्या अवशेषांवरून पवनार म्हणजेच वाकाटकांचे प्रवरपूर असा सिद्धांत मांडला; पुढे मनसर येथील उत्खननानंतर त्याविषयी मतभेद झाले. विनोबांना त्या वादात रस नव्हता. राज्य दारात आले असता ते न स्वीकारणारा भरत हा त्यांचा आवडता आदर्श होता, आणि तोच जमिनीतून वर आला ह्याला त्यांच्या लेखी संकेताचे मोल होते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी भाषण केले ते पवनारलाच.

स्वातंत्र्यानंतर, १९५० मध्ये, पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. पैशाचा व्यवहार टाळावयाचा. बैल न वापरता, हाताने खोदून शेती करावयाची आणि तिला ऋषिशेती म्हणावयाचे. आपले अन्न-वस्त्र आपण निर्माण करावयाचे. त्यापूर्वी काही काळ विनोबा रोज शेजारच्या सुरगावला जाऊन मैला उचलीत असत. हा प्रयोग भरात असतानाच, मार्च १९५१ मध्ये, ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनाला पायी निघाले आणि १८ एप्रिल रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा प्रारंभ झाला. पुढची तेरा वर्षे सर्वज्ञात आहेत. त्यांचा आढावा घेण्याचे हे स्थळ नव्हे. आपल्या विषयापुरते एवढेच की, ह्या फिरत्या माणसाने वाटेत स्थिर संस्था पेरल्या. बोधगयेचा समन्वय आश्रम (१९५४), पठाणकोटचा प्रस्थान आश्रम, इंदूरचा विसर्जन आश्रम (१९६०), बंगळूरचे वल्लभनिकेतन, आसामातील मैत्री आश्रम (१९६२) आणि पवनारचे ब्रह्मविद्या मंदिर, असे ते सहा. नावेच त्यांचे हेतू सांगतात.

ह्यांपैकी ब्रह्मविद्या मंदिर हे विनोबांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसी, आणि माझ्या मते सर्वांत कमी अभ्यासलेले, कार्य होय. त्याची स्थापना २५ मार्च १९५९ रोजी झाली. ही तारीख त्यांच्या गृहत्यागाची. त्या दिवसाला त्रेचाळीस वर्षे पूर्ण होत होती. (तारखांची ही जुळवाजुळव विनोबांच्या आयुष्यात सर्वत्र आहे. गांधीभेटीला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ७ जून १९६६ रोजी, त्यांनी स्थूल कार्यातून सूक्ष्मात प्रवेश जाहीर केला. 'गीताई'च्या आरंभाला चाळीस वर्षे झाली त्या ७ ऑक्टोबर १९७० रोजी क्षेत्रसंन्यास घेतला. गणिती मनाची ही भक्ती आहे.) स्थापनेच्या वेळी संस्थापक पवनारला नव्हते; ते राजस्थानात पदयात्रेत होते.

भारतीय परंपरेत ब्रह्मवादिनी होऊन गेल्या, भक्त कवयित्री झाल्या. परंतु स्त्रियांनी एकत्र राहून, स्वतःच्या बळावर, ब्रह्मविद्येची सामुदायिक साधना केली आणि शास्त्र निर्माण केले असे घडले नाही, अशी विनोबांची खंत होती. आजवरची शास्त्रे पुरुषांनी लिहिली, म्हणून ती एकांगी राहिली. शंकराचार्यांच्या तोडीची स्त्री निर्माण झाल्यावाचून हे भरून निघणार नाही, असे त्यांचे मत होते. त्यानुसार पवनारला ब्रह्मचर्यव्रत घेतलेल्या बहिणींचा समूह राहू लागला. भारताच्या वेगवेगळ्या प्रांतांतून त्या आल्या; काही पुरुष साधकही पुढे तेथे राहिले, पण चालक बहिणीच. पहाटेची प्रार्थना, 'ईशावास्य', एकत्रित विष्णुसहस्रनाम, 'गीताई'. शेती, सफाई, स्वयंपाक, कताई, आणि छापखाना. 'मैत्री' हे मासिक त्यांनी स्वतः खिळे जुळवून छापले. सेवक नाहीत, प्रमुख नाही. निर्णय सर्वसंमतीने, एकीचाही विरोध असेल तर तो विषय थांबवावयाचा.

सर्वसंमतीची ही पद्धत सोयीची नव्हती. तिच्यामुळे निर्णय लांबतात, आणि मतभेद व्यक्त होण्याऐवजी मुरतात असाही धोका असतो. शिवाय ज्या समूहात विनोबांसारखी व्यक्ती राहते तेथे प्रमुख नाही असे म्हणणे कितपत खरे, ही शंका रास्त आहे. १९६४ मध्ये पदयात्रा संपवून ते पवनारला परतले, आणि १९७० नंतर तर तेथून हललेच नाहीत. तथापि कारभारात निर्णय देण्याचे त्यांनी नाकारले. बहिणींना जे ठरवावयाचे ते त्यांनी ठरवावे आणि आपण तेथील एक रहिवासी, अशी भूमिका त्यांनी ठेवली. समूहाची संख्या कधीच फार वाढली नाही. शंकराचार्यांच्या तोडीची शास्त्रकर्ती तेथून निर्माण झाली, असेही म्हणता येणार नाही. झाले ते वेगळेच : विनोबांचे उत्तरकालीन बहुतेक वाङ्मय ह्या बहिणींच्या वहीत उतरले. पदयात्रेत बरोबर चालणाऱ्या, कुटीजवळ बसणाऱ्या स्त्रियांनी ते टिपले, निवडले, लावले आणि छापले. धुळ्याला साने गुरुजींनी जे केले ते येथे एका समूहाने वर्षानुवर्षे केले. मराठी संतवाङ्मयात जनाबाईपासून बहिणाबाईपर्यंत स्त्री ही गुरूचे ऐकणारी आणि स्वतः गाणारी आहे; येथे ती संपादक आणि मुद्रक आहे. ह्या भूमिकेचा विचार आपल्या वाङ्मयविचारात अद्याप झालेला नाही.

ह्याच काळात 'सार'ग्रंथांची मालिका पूर्ण होत गेली. 'कुराण-सार', 'ख्रिस्तधर्म-सार', 'भागवतधर्म-सार', धम्मपदाची नवी मांडणी. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम ह्यांच्या वाणीतील वेचे. आणि १९७४ मध्ये त्यांच्या प्रेरणेने सर्व जैन पंथांच्या मुनींना मान्य झालेले 'समणसुत्तं'. ही संकलने मौलिक नाहीत म्हणून समीक्षक ती गाळतात. परंतु निवड हीच येथे निर्मिती आहे. मोठा ग्रंथ घेऊन चालणे आणि रोज म्हणणे शक्य नसलेल्या माणसांसाठी तो लहान करावयाचा, आणि लहान करताना त्याचा कणा मोडू द्यावयाचा नाही, हे कौशल्य मराठीत इतक्या सातत्याने दुसऱ्या कोणी दाखविल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्या सूत्ररूप लेखनाचेही तेच प्रयोजन.

आता त्या प्रसंगाकडे वळावयास हवे, ज्याने विनोबांच्या नावावर कायमची सावली पडली. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण ह्यांच्या बिहार आंदोलनावरून सर्व सेवा संघात फूट पडली. विनोबांना संघर्षाचा तो मार्ग मान्य नव्हता. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभराचे मौन धरले. सहा महिन्यांनी आणीबाणी लागली, जयप्रकाशांसह हजारो लोक तुरुंगात गेले, आणि मौनातील विनोबांनी महाभारतातील अनुशासनपर्वाकडे केलेला निर्देश शासनाने आणीबाणीच्या समर्थनार्थ देशभर फिरविला. सरकारी संत ही उपाधी त्यांना तेव्हा चिकटली. मौन संपताच त्यांनी खुलासा केला की शासन सत्ताधीशांचे आणि अनुशासन आचार्यांचे. जानेवारी १९७६ मध्ये पवनारला आचार्यांचे संमेलन भरविले, आणि त्या संमेलनाने देशाचे जीवन पूर्ववत व्हावे अशी मागणी केली. त्याच वर्षी गोवधबंदीसाठी त्यांनी उपवासाचा संकल्प जाहीर केला तेव्हा तो छापणाऱ्या 'मैत्री'चे अंक पोलिसांनी आश्रमात येऊन जप्त केले. सरकारी संताच्या आश्रमावर सरकारचाच छापा, हा विरोधाभास टीकाकारांनी फारसा लक्षात घेतला नाही.

तरीही खुलाशाने प्रश्न संपत नाही. शब्दाच्या व्युत्पत्तीवर, त्याच्या शास्त्रीय अर्थावर ज्याची अढळ निष्ठा आहे असा माणूस, तोच शब्द बाहेरच्या जगात काय करील ह्याबाबत बेसावध राहिला. आश्रमातील भाषा ऐकणाऱ्यांच्या विश्वासावर चालते. तेथे एक शब्द उच्चारला की त्यामागील महाभारत, भाष्य, वर्षांचा सहवास हे सारे ऐकणाऱ्याजवळ आधीच असते. वर्तमानपत्राच्या वाचकाजवळ ते नव्हते, आणि शासनाला ते नकोच होते. ज्या सूत्रमयतेने विनोबांच्या वाङ्मयाला बळ दिले तीच येथे त्यांच्यावर उलटली. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र ज्या वेळी अनेकांना बोलता येत नव्हते त्या वेळी बोलू शकणाऱ्याने घेतलेल्या मौनाची जबाबदारी हेतूच्या शुद्धतेने हलकी होत नाही, हेही मान्य करावे लागते.

नोव्हेंबर १९८२ च्या आरंभी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. प्रकृतीला थोडा उतार पडत असतानाच त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबविले. डॉक्टरांनी, निकटवर्तीयांनी आणि पंतप्रधानांनी केलेल्या विनंत्यांचा उपयोग झाला नाही. १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीत, महावीरांच्या निर्वाणदिनी, पवनारला त्यांचा देह शांत झाला आणि धाम नदीच्या काठी अंत्यसंस्कार झाले. पुढील वर्षी शासनाने त्यांना मरणोत्तर 'भारतरत्न' दिले. ब्रह्मविद्या मंदिरातील बहिणींनी त्यांच्या जागी कोणालाही नेमले नाही. वह्या मात्र पुष्कळ साठल्या होत्या. त्या लावण्याचे आणि छापण्याचे काम त्यांनी पुढे चालू ठेवले.